कुंबळेचे दहा बळी: तेव्हा तुम्ही कुठे होतात?

काल भाच्याला मोबाईलवर दिल्लीच्या कोटला मैदानावरची ती क्लिप दाखवत होतो, कुंबळेने एकाच डावात पाकिस्तानच्या दहाच्या दहा विकेट काढल्या ती. ७ फेब्रुवारी १९९९. पोरगा बारा वर्षांचा, पार्किंगमध्ये टेनिस बॉलने लेगस्पिन टाकतो. चार विकेट बघून म्हणाला, "मामा, हा तर फिरवतच नाही. मग स्पिनर कसला?"

मला हसूच फुटलं. हेच वाक्य आमच्या घरात मी रोज ऐकलंय. बाबा कुंबळेला 'सरळ्या' म्हणायचे. लहानपणी जुन्या जमान्यातले लेगस्पिनर सुभाष गुप्ते बघितलेला माणूस, वीतभर वळल्याशिवाय त्यांना तो लेगब्रेक वाटायचाच नाही.

त्या दिवशी रविवार. पाकिस्तानला जिंकायला ४२० हवेत आणि लंचला बिनबाद १०१. आधीची कसोटी चेन्नईत १२ धावांनी हरलेलो, ते अजून ठसठसत होतं. बाबांनी टीव्ही बंद केला, "हा सरळ्या काय करणार" म्हणाले आणि मला दळण घेऊन पिटाळलं. गिरणीवाल्या काकांचा रेडिओ पिठाने इतका माखलेला की बटण बोटाने चाचपून शोधायचे. आफ्रिदी गेला. पुढच्याच चेंडूवर इजाज पायचीत. काकांनी चक्क गिरणी थांबवली. रांगेतल्या बायका ओरडतायत आणि हे एक हात वर करून "थांबा हो ताई, ओव्हर होऊ दे"!

घरी पोचलो तर १२८ ला ६. टीव्ही चालू, पण बाबा बाहेर गॅलरीत. आपण उठलो म्हणून विकेट पडल्या यावर त्यांची ठाम श्रद्धा. मलिक आणि अक्रम चिकटले तेव्हा हळूच आत डोकावले, तर अख्खी चाळ अंगावर धावली. शेवटपर्यंत बाहेरच. दहाच्या दहा विकेट त्यांनी फक्त आमच्या आरडाओरड्यावरून मोजल्या.

तुमचंही सांगा. दहा बळीच हवेत असं नाही, कुंबळेचं काहीही चालेल.

गवती_चहा
दळण 😂 आमच्याकडे केबल गेलेली. शेजारच्या काकूंच्या खिडकीत सात जण.

चष्मिस
माझं जरा वेगळं. तिसरीत चष्मा लागला. भोकाड पसरलं, आता क्रिकेट संपलं म्हणून. आईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिने पेपरातला कुंबळेचा चष्म्यातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. पुढे त्याने लेन्स लावल्या तेव्हा मला फसवल्यासारखं वाटलेलं, खरं सांगते.

माळावरचा
श्रीनाथ शेवटी मुद्दाम बाहेर टाकत होता ते कोणी लिहिलंच नाही. नऊ पडलेले आणि हा बिचारा आपल्याला विकेट मिळू नये म्हणून धडपडतोय. मग अक्रम, शॉर्ट लेगला लक्ष्मणने झेल घेतला. मी हॉस्टेलच्या कॉटवरून उडी मारली. कॉट गेली. दंड सात जणांत वाटून घेतला.

दाढदुखी
दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे माझी आठवण २००२ च्या अँटिग्वाची. तेव्हा शिकत होते. वेस्ट इंडीजच्या डिलनचा बॉल कुंबळेच्या जबड्यावर, जबडा मोडला. आणि हा माणूस डोक्यापासून हनुवटीपर्यंत पट्ट्या गुंडाळून १४ ओव्हर टाकतो, वर लाराला पायचीत करतो! रात्री उशिरा बघत होते, हातातला ब्रेड तसाच राहिला. मोडलेल्या जबड्याने अपील करून बघा एकदा. खरं तर बघू नका. पेशंट साध्या अक्कलदाढेला चार दिवस रजा टाकतात, त्यांना मी हे ऐकवते. उपयोग शून्य.

माळावरचा
@दाढदुखी रूट कॅनालनंतर दुसऱ्या दिवशी चकली चालते का?

दाढदुखी
नाही.

वांगं_भरीत
आम्ही एजाझ पटेलवाले. डिसेंबर २०२१, वानखेडे. पोरगा इथेच मुंबईत जन्मलेला, आठव्या वर्षी न्यूझीलंडला गेला आणि परत येऊन आपल्याच दहा जणांना काढलं. आठवी पडल्यावर मी वडापावच्या रांगेत. परत आलो तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवतायत. शेजारच्याला विचारलं काय झालं, त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं... आणि दहा घेऊनही बिचारे ३७२ धावांनी हरले.

गवती_चहा
लेगस्पिनर नाही पण तो, डावखुरा आहे.

वांगं_भरीत
चालेल म्हणालेत वर. वडापाव थंड होता, तेही नोंदवून ठेवतो.

सातवी_तुकडी
भाच्याला सांगा, वळलेला बॉल बघून खेळायला बॅट्समनला वेळ लागतो, कुंबळे तो वेळच द्यायचा नाही. उंचावरून हात, जोरात टप्पा, बॉल उसळून ग्लोव्हजवर किंवा खाली राहून पायावर. गुगली (उलट्या बाजूला वळणारा) आणि फ्लिपरही (टप्पा पडून खाली राहणारा) होतेच. हे कळायला मला पंधरा वर्षं लागली. तोवर मीही शिव्याच घातल्या. ६१९ विकेट घेतलेल्या माणसाला, नाक्यावर उभं राहून, भजी खात.

गवती_चहा
मला त्याचं इंग्लंडविरुद्ध लंडनच्या ओव्हलवरचं शतक जास्त आवडतं. २००७. पीटरसनला पुढे सरसावून मारायला गेला, आतली कड, कीपरला चुकवून चौकार, शंभर! ११८ व्या कसोटीत. त्या अख्ख्या मालिकेत आपल्याकडून शतक एकच, आणि ते याचं. बॅट्समन लोकांची तोंडं आठवून अजून हसते.

चष्मिस
कोणाला ठाऊक आहे का, चष्म्याला मागून बांधायची ती दोरी कुठे मिळते? लेकीलाही नंबर लागलाय. टेबलटेनिस खेळते.

माळावरचा
खेळाच्या दुकानात विचारा. नाहीतर घरातलं इलॅस्टिक लावा, मी लावलेलं. कान लाल होतात पण.

धागाकर्ता
बाबांना सगळा धागा वाचून दाखवला. ऐंशीचे आहेत आता, कानाशी मोठ्याने वाचावं लागतं. जबड्याचं ऐकून "हूं" म्हणाले. मग म्हणाले, गॅलरीत मी नव्हतो, जिन्यात होतो, गॅलरीत ऊन होतं. आणि चाळीने नाही, मला आत यायला तुझ्या आईने बंदी केलेली.

चष्मिस
दोरी मिळाली. साठ रुपये. निळी.