सडांच्या भेगांसाठी घरगुती औषधी मलम : प्रमाण आणि टिकाऊपणाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आमचा गोठा निफाड तालुक्यात आहे. दोन संकरित गाई आणि एक म्हैस एवढाच पसारा आहे. परंतु थंडीत इथला पारा एकआकडी होतो आणि पहाटेचा वारा गोठ्यातून आरपार जातो, तेव्हा दरवर्षी जनावरांच्या सडांना बारीक भेगा पडतात. म्हशीचा त्रास सर्वांत जास्त आहे. धारेला बसले की ती पाय झाडते आणि पान्हा चोरते. पशुवैद्यांनी कास आणि दूध दोन्ही तपासून, हा स्तनदाह (आमच्याकडे ज्याला दगडी म्हणतात तो) नाही आणि देवीच्या पुटकुळ्याही नाहीत, केवळ कोरड्या त्वचेच्या भेगा आहेत, असे सांगितले आहे. त्यामुळे माझा प्रश्न रोगाचा नसून मलमाच्या कृतीचा आहे.

आतापर्यंत तीन वेळा मलम केले आणि तिन्ही वेळा ते निरनिराळ्या कारणांनी फसले. पहिल्या वेळी खोबरेल तेलात कडुनिंबाचा ताजा पाला, हळद आणि कोरफडीचा गर घालून मंद आचेवर शिजवले, गाळले आणि मधमाशांचे मेण विरघळवून डब्यात भरले. दहा-बारा दिवसांत तळाशी पाणी सुटले आणि वर पांढरी बुरशी आली. दुसऱ्या वेळी कोरफड वगळली, पाला सावलीत खडखडीत वाळवला आणि ४०० ग्रॅम तेलाला १०० ग्रॅम मेण घेतले. हे मलम आजही खराब झालेले नाही, मात्र पहाटे ते इतके घट्ट होते की डब्यातून नखाने खरवडून काढावे लागते आणि सडावर पसरवताना भेगा अधिकच दुखतात. तिसऱ्या वेळी मेण कमी करून निंबोळीचे तेल घातले. ते पसरले छान, पण पारडू सड तोंडात धरेना. आणि हातांना लागलेला तो उग्र वास दुधात उतरला तर काय, या काळजीने मीच ते बंद केले. गाईंची वासरे बाटलीने पितात, परंतु म्हैस पारडू सोडल्याशिवाय पान्हवत नाही, हे उत्तर देताना कृपया लक्षात घ्यावे.

एका शेजाऱ्यांनी कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप मेणात शिजवून ठेवण्याचा सल्ला दिला आहे, पण चिरलेल्या त्वचेवर चुना लावण्याचे धाडस मला होत नाही. थंडीत मऊ राहील, महिना-दोन महिने टिकेल आणि पारडाच्या पोटात थोडेफार गेले तरी अपाय होणार नाही, असे मलम कोणी केले असल्यास तेल व मेणाचे प्रमाण सांगावे. हळद दर वेळी तळाशी बसते आणि मलम खरखरीत लागते, यावरही उपाय हवा आहे. शिवाय धारेनंतर आम्ही सड आयोडीनच्या द्रावणात बुडवतो. मलम त्याच्या आधी लावावे की नंतर?

प्रतिसाद :

ताई, मी पशुवैद्य नाही, पण बरीच वर्षे गाई सांभाळतो आणि मलम घरीच करतो. आपले पहिले मलम पाण्यामुळे बिघडले. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ पाणीच असतो. तेल आणि मेण त्याला धरून ठेवत नाहीत आणि जिथे पाणी सुटते तिथे बुरशी येते. शेजाऱ्यांनी सांगितलेला लेप मुळात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारित केलेला स्तनदाहावरचा उपाय आहे. त्यात कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम असतो, तो रोज ताजा वाटायचा असतो आणि पाण्यात पातळ करून कासेला दिवसातून अनेकदा लावायचा असतो. तो साठवण्याचा पदार्थ नाही आणि आपल्या जनावरांना तो आजारही नाही, तेव्हा आपण कचरलात ते योग्यच झाले.

दुसरे मलम घट्ट होण्यामागे मेण हे अर्धेच कारण आहे, कारण खोबरेल तेल स्वतःच सुमारे २४ अंशांखाली गोठते. म्हणून थंडीसाठी निम्मे खोबरेल आणि निम्मे तिळाचे तेल घ्यावे आणि आठ भाग तेलाला एक भाग मेण वजनाने मोजून घालावे. चमचाभर मलम बशीत घालून रात्रभर गोठ्यातच ठेवावे आणि पहाटे बोट फिरवून पाहावे, म्हणजे डबे भरण्यापूर्वीच अंदाज येतो. हळद पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून कोमट तेलात तासभर ठेवली तर रंग व गुण तेलात उतरतात आणि गाळ राहत नाही. म्हशीसाठी कडुनिंब पूर्ण वगळावा. कापूर आणि निलगिरीही नकोत; पारडू ते चाटणार, शिवाय दूध असे वास चटकन धरते. आयोडीन आधी, ते वाळल्यावर मलम. उलट केल्यास तेलाच्या थरामुळे आयोडीन त्वचेपर्यंत पोहोचत नाही. एकाच डब्यात बोट घालून तिन्ही जनावरांना मलम लावू नये, प्रत्येकीची डबी वेगळी असावी.

मात्र माझा संशय मलमापेक्षा ओल्या सडांवर आहे. पारडू पिऊन झाल्यावर लाळेने भिजलेले सड तसेच वाऱ्यावर राहिले की त्वचा तडकते, आणि म्हशीलाच त्रास जास्त का, याचे उत्तर बहुधा इथेच असावे. स्वच्छ कोरड्या फडक्याने सड टिपून घ्यावेत, अंगठा मुडपून धार काढण्याची सवय असेल तर पूर्ण मुठीने काढावी, आणि नंतर गव्हाणीत वैरण टाकून जनावर अर्धा तास उभे ठेवावे, कारण धारेनंतर सडाचे तोंड काही वेळ उघडेच असते.

धागाकर्ती :

दादा, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. पारडू पिऊन झाल्यावर आम्ही सड पुसतच नव्हतो, हे आपले लिखाण वाचताना लक्षात आले. दुसऱ्या वेळचे घट्ट मलम जवळजवळ सगळेच शिल्लक आहे. ते वितळवून वापरता येईल का?

प्रतिसाद :

अवश्य येईल. ४०० ग्रॅम खोबरेल आणि १०० ग्रॅम मेण आहेच, त्यात ४०० ग्रॅम तिळाचे तेल घातले की वर सांगितलेले प्रमाण आपोआप जुळते. ते थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यातल्या पातेल्यात वितळवावे. पण त्यात कडुनिंब आहे, तेव्हा ते गाईंनाच लावावे आणि म्हशीसाठी छोटा घाणा वेगळा काढावा.