जीसीसी कंपायलर बिल्ड होईना, पण सुडो (अॅडमिनच्या हक्कानं कमांड) लावलं की पुढं जातंय, काय विषय आहे?

शिरोलीकर_लिनक्स:
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कास्टिंग सिम्युलेशन बघतो. सर्व्हरवरचं लिनक्स जुनं, नवीन सी प्लस प्लसचा कोड त्यावर कंपाइल होईना म्हणून नवीन जीसीसी सोर्समधनं बिल्ड करालोय, तर कॉन्फिगर जरा चालतं आणि लायब्ररी पाथमध्ये करंट डिरेक्टरी नको अशा अर्थाचा एरर देऊन बाद. तसलं मी काय घातलेलंच नाही, बॅशआरसीत (टर्मिनल उघडलं की चालणारी फाइल) सिम्युलेशनच्या सॉल्व्हरच्या दोन एक्स्पोर्टच्या ओळी आहेत तेवढ्याच. गंमत म्हणजे सुडो लावलं की गप पुढं जातंय. परमिशनचा घोळ काय? सगळं सुडोनंच केलं तर चालंल?

रंकाळा_रूट:
एलडी लायब्ररी पाथ अनसेट कर भावा, विषय कट.

तांबडा_टर्मिनल:
तो वेगळा ओ. एलडीवाला प्रोग्रॅम चालू होताना लायब्ररी कुठं शोधायची ते सांगतो, नुसता लायब्ररी पाथ जीसीसी लिंक करताना बघतं आणि एरर ह्याचाच आहे. परमिशनचा काय संबंध नाही, सुडो बऱ्याच ठिकाणी तुमचे एक्स्पोर्ट केलेले व्हेरिएबल गाळूनच कमांड चालवतो म्हणून तिथं पास होतंय. एक्स्पोर्टची ओळ बघा, नवा पाथ, मग कोलन, मग जुना पाथ अशी असणार. जुना रिकामा असला की शेवटी नुसता कोलन लोंबकळतो, आणि कोलनपुढची रिकामी जागा म्हणजे करंट डिरेक्टरी!

शिरोलीकर_लिनक्स:
एको मारून लायब्ररी पाथ बघितला, शेवटी कोलन आहेच की राव. पण ती ओळ काढली तर सॉल्व्हर बोंबलंल.

तांबडा_टर्मिनल:
काढू नका, बॅशआरसीतनं उचलून सॉल्व्हर चालू करायच्या स्क्रिप्टमध्ये टाका. असल्या ओळी सगळ्या लॉगिनला लावायला सांगतात हेच मला पटत नाही. बिल्डसाठी एन्व्हला मायनस आय देऊन कोरा बॅश उघडा, नोप्रोफाइल आणि नोआरसी दोन्ही लावून, फक्त होम, टर्म आणि साधा पाथ द्यायचा. आधीचं बिल्ड फोल्डर उडवा, कॉन्फिगर जुन्या व्हॅल्यू धरून बसतं. नवीन फोल्डर सोर्सच्या बाहेर करा. सीपाथलापण (हेडर फाइल शोधायचा पाथ) हाच कोलनचा सापळा आहे आणि कोंडा (पॅकेज मॅनेजर) चालू असंल तर तेपण बंद करा, त्याचा पाथ पुढं घुसतो.

रंकाळा_रूट:
बरं, एलडीचं माझं राहू दे. पण मेक इन्स्टॉलला सुडो लागतोयच की.

तांबडा_टर्मिनल:
प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, होममधलं फोल्डर दिलं तर तिथंपण नको. दिलं नाही तर यूएसआर लोकलमध्ये जातंय, तिथं लागणारच.