मदत हवी आहे: मुलगा अग्निवीर म्हणून बेळगावला निघाला आहे, पण नडगीचे दुखणे लपवतो आहे

नमस्कार. माझ्या धाकट्या मुलाची अग्निवीर भरतीत निवड झाली असून येत्या 1 तारखेला त्याला बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरमध्ये हजर व्हायचे आहे. आज हातात 22 दिवस उरले आहेत. आम्ही सातारा जिल्ह्यातले. पहिल्या महायुद्धात ज्या गावाने 46 माणसे गमावली ते अपशिंगे मिलिटरी आमच्याच जिल्ह्यात आहे. पण आमच्या स्वतःच्या घराण्यात फौजेत जाणारा हा पहिलाच मुलगा. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, त्याचे वडील शेती पाहतात, आणि हक्काने विचारावे असे जवळचे कोणी नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

लेखी परीक्षा झाल्यावर मैदानी चाचणीत त्याने 1.6 किलोमीटर 5 मिनिटे 22 सेकंदांत पूर्ण केले आणि साडेपाच मिनिटांच्या आत आल्यामुळे त्याला धावण्याचे पूर्ण 60 गुण मिळाले. बीमवरही त्याने 10 पुल-अप्स काढून 40 पैकी 40 गुण मिळवले. अडचण सुरू झाली ती त्यानंतर. तो ज्या भरतीपूर्व अकॅडमीत जात होता तिथे सर्व निवडलेल्या मुलांना सांगण्यात आले की सेंटरला गेल्यावर मागे पडायचे नसेल तर आत्तापासूनच दुप्पट धावा. त्याप्रमाणे रोजच्या 4 किलोमीटरवरून तो दहा-बारा दिवसांत 10 किलोमीटरवर गेला, तेही डांबरी रस्त्यावर आणि टाच पूर्ण झिजलेल्या मागच्या वर्षीच्या बुटांवर.

गेल्या रविवारी संध्याकाळी तो पडवीच्या पायरीवर बसून उजव्या नडगीवरून अंगठा दाबत खाली नेत होता आणि एका जागी येताच त्याने श्वास रोखून धरला. मी जवळ बसून स्वतः हात लावला. घोट्याच्या वर साधारण चार बोटांवर, रुपयाच्या नाण्याएवढी जागा दाबली की त्याला कळ येत होती. बाकी नडगी दाबली तर काही नाही. दवाखान्यात चल म्हटले तर म्हणाला, "आई, कागदावर काही आले तर सेंटरला घेणार नाहीत. तू कुणाला सांगू नकोस." दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा धावायला गेला.

त्याने धावणे आता पूर्ण थांबवावे का, थांबवल्यास पहिल्या आठवड्यांत तो इतरांच्या मागे पडेल का, आणि तपासणी करून घेतल्याने त्याचे खरोखरच नुकसान होईल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. त्याच्या वर्षभराच्या मेहनतीवर माझ्या काळजीने पाणी पडू नये, पण दुखरा पाय घेऊन त्याला एसटीत बसवून देणेही माझ्याने होणार नाही. ज्यांनी हे प्रशिक्षण घेतले आहे किंवा दिले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: निवृत्त हवालदार

ताई, राम राम. मी याच रेजिमेंटमधून निवृत्त झालो असून काही वर्षे रिक्रूटांचा उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, होतो. मुलाला धावणे आजच बंद करायला सांगा. तो मागे पडणार नाही. सेंटरला सुरुवात सगळ्यांची एकदम खालून होते. पहिले दिवस केस कापणे, किट घेणे, कागदपत्रे आणि बँकेचे खाते यांतच जातात, आणि पीटी पायरीपायरीने वाढवत नेतात. साडेपाच मिनिटांत आलेला मुलगा दोन-तीन आठवडे न धावल्याने फारसा मंदावत नाही.

खरा घाव नडगीवर बसतो तो ड्रिलमध्ये. "थम" म्हटले की पाय उचलून टाच कडक मैदानावर आपटायची, आणि हे दिवसातून शेकडो वेळा, पायात नवे बूट असताना. धडधाकट पायालाही हे सवयीने जमते. आधीच दुखावलेले हाड त्यात टिकत नाही. दुखणे लपवणारी मुले मी पुष्कळ पाहिली. उस्तादापुढे ती दात आवळून उभी राहतात आणि एखाद्या सकाळी बराकीतून पाऊल टाकता येत नाही. मग दवाखाना, विश्रांती, आणि पुढे रेलिगेट, म्हणजे मागून येणाऱ्या तुकडीत घालतात. बरोबरचे सोबती कसम परेडकडे, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या शपथविधीकडे, जात असताना आपण पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, हे त्या वयात फार लागते. याउलट जो पहिल्या दोन दिवसांत एमआय रूममध्ये, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, जाऊन सांगतो तो बहुधा थोडे दिवस हलकी ड्युटी करून आपल्याच तुकडीत परत येतो. तपासणीत मोठे काही निघालेच, तर तारीख उलटण्याची वाट न पाहता कोल्हापूरच्या भरती कार्यालयात कागद घेऊन जा आणि विचारा.

या 22 दिवसांत त्याला दुसऱ्या गोष्टी शिकवा. पहाटे साडेचारला गजराशिवाय उठणे, दहा मिनिटांत जेवण उरकणे, स्वतःचे कपडे धुणे, तुटलेले बटण शिवणे, बुटाला पॉलिश करणे. हुकूम हिंदीत असतात, कानाला सवय हवी. एकाच्या चुकीचा रगडा, म्हणजे अंगमेहनतीची शिक्षा, सगळ्या प्लाटूनला बसतो, त्याचा राग मनात धरायचा नाही, हेही सांगून ठेवा. आणि तुम्हीही मनाची तयारी ठेवा: सुरुवातीला फोन हाती नसतो, आठवडाभर आवाज ऐकू आला नाही तरी घाबरू नका.

प्रतिसाद: फिजिओथेरपिस्ट

नडगीच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेली दुखण्याची रेघ आणि बोटाने दाखवता येईल अशी एकच दुखरी जागा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बहुतेकदा हाडालगतच्या आवरणाला ताण असतो. दुसरीत हाडाला बारीक चीर जाण्याची शंका घ्यावीच लागते. तुम्ही केलेले वर्णन दुसऱ्या प्रकाराकडे झुकते, त्यामुळे अस्थिरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. रात्री झोपेतही पाय ठणकत असेल तर एक दिवसही थांबू नका. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत अशी चीर साध्या एक्स-रेमध्ये अनेकदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे चांगला आला एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. गरज पडल्यास एमआरआय करावा लागतो. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे सर्वांत धोक्याचे, कारण दुखणे झाकले जाते आणि हाडावरचा भार तसाच राहतो. ड जीवनसत्त्वाची तपासणीही करून घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. हवालदार दादांचा प्रतिसाद मी मुलाला मोठ्याने वाचून दाखवला. रेलिगेटचा भाग आल्यावर त्याने फोन माझ्या हातातून घेतला, स्वतः पुन्हा दोनदा वाचला आणि दुसऱ्या दिवशी साताऱ्याला यायला तयार झाला. एक्स-रे स्वच्छ निघाला, तरीही डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला; त्यात चीर नाही, परंतु हाडाच्या आत सूज आहे. धावणे आणि उड्या पूर्ण बंद. वेदना न होता चालता येईल तितकेच चालायचे आहे आणि दम टिकवण्यासाठी पोहायला परवानगी आहे, त्यामुळे सध्या तो सकाळी विहिरीत पोहतो. ड जीवनसत्त्व कमी आले, त्याचे औषध सुरू झाले आहे. जायच्या चार दिवस आधी पुन्हा दाखवायचे आहे.

सगळे अहवाल एका फाइलमध्ये लावले आहेत आणि ती फाइल बॅगेत वरच ठेवायची, सेंटरच्या डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवायची, असे त्याने स्वतः ठरवले आहे. हवालदार दादा, एवढेच सांगा: बूट तिकडेच मिळतात, पण आत घालायला सुती मोजे आणि त्यावर लोकरी मोजे अशी जोडी इथूनच घेऊन द्यावी का?