मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) जाऊनही मन कोरडंच राहतं का? तुमचे अनुभव लिहा

परवा लेकीचं फर्स्ट कम्युनियन झालं, म्हणजे तिने पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतला, येशूचं शरीर मानतो ती पातळ भाकर. पांढरा फ्रॉक, मेणबत्ती, अंगणात मांडव, सगळं छान. रात्री झोपताना म्हणते, मम्मी मला काहीच वाटलं नाही गं, ख्रिस्तप्रसाद नुसता टाळूला चिकटला, येशू खरंच आला का? मी हो म्हटलं, पण झोप उडाली, कारण मलाही कित्येकदा काही वाटत नाही. देवाची कृपा फादरांच्या पुण्याईवर नाही, संस्कारातूनच (बाप्तिस्मा, ख्रिस्तप्रसाद अशा चर्चच्या विधींतूनच) मिळते, हे त्रेंतच्या धर्मसभेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेने, १५४७ सालीच सांगितलंय, ते पाठ आहे. पण मनाचं काय? वसई, गोवा, कुठलेही असा, मोकळेपणाने लिहा.

प्रतिसाद -
दृढीकरणाला (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करायचा संस्कार) पवित्र आत्मा आला की अंगावर काटा येतो असं टीचरनी सांगितलेलं. बिशपांनी कपाळावर तेल लावलं, मला फक्त त्याचा वास आठवतो. काटा काही आला नाही म्हणून वर्षभर मला वाटायचं माझंच काहीतरी चुकलं.

प्रतिसाद -
माझं उलटं झालं. केरळात रिट्रीटला (प्रार्थना-शिबिराला) गेलो, तिथे इतका रडलो की शर्ट भिजला, घरी आल्यावर चार महिने हवेत होतो आणि मग एक दिवस सगळं गेलं. आता देवच नाही तर मिस्साला कशाला जायचं म्हणून दोन वर्षं गेलोच नाही. मग मदर तेरेसांच्या पत्रांबद्दल वाचलं, २००७ मध्ये छापली ती. जवळजवळ ५० वर्षं आत अंधार आणि तरी त्या रोज मिस्साला जायच्या! मी चार महिन्यांच्या गोडीला कृपा समजून बसलो होतो. कॅटेकिझमच्या (चर्चच्या शिकवणीच्या पुस्तकाच्या) २००५ क्रमांकाच्या परिच्छेदात हेच आहे, कृपा अनुभवाच्या पलीकडची, ती श्रद्धेनेच कळते, भावनांवरून ठरवायची नाही.

प्रतिसाद -
पटलं, पण वाटलं नाही तरी चालतं म्हणजे तयारी नको असं नाही हं. संस्काराचं फळ तो घेणाऱ्याच्या मनाच्या तयारीवरही असतं. मी कन्फेशनला, फादरांजवळ पापं कबूल करताना, किराणा यादीसारखी पापं वाचायचे. आता आधी दहा मिनिटं बाकावर गप्प बसते. रडू येत नाही, पण नणंदेशी बोलायला लागले.

प्रतिसाद -
बाबा आयसीयूत होते, शुद्ध नव्हती. फादर आले, आजाऱ्यांसाठीचा संस्कार म्हणून कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावलं, प्रार्थना म्हटली. बाबांना काय वाटणार होतं? बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्या बाळाला तरी काय वाटतं? भावना लागलीच असती तर त्या दोघांना काहीच मिळालं नसतं, हे मला त्या खाटेपाशी कळलं. मी स्वतः रडलो नाही, सुन्न होतो. सलाईनची पट्टी बदलताना नर्सबाईंनी विचारलं, तळहातावरचं तेल पुसू का? म्हटलं राहू दे.