कंटेनरचा मान कुणाचा? वर्गाला एकच नाव द्यायचं झालं तर…

गेटपास (धागाकर्ती)

मी पनवेलजवळच्या एका संस्थेत लॉजिस्टिक्सच्या पदविकेला शिकवते. त्याआधी अकरा वर्षं एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम्सची कामं करून देणाऱ्या एजंटकडे, डॉक्युमेंटेशन केलं. बिल ऑफ एंट्री, शिपिंग बिल, डिलिव्हरी ऑर्डर यांतच ती वर्षं गेली. यंदा आमच्या नव्या वर्गाला मालवाहतुकीतल्या एखाद्या आद्य माणसाचं नाव द्यायचं आणि आत त्याचा मोठा फोटो लावायचा असं ठरलंय. नाव सुचवायचं काम माझ्याकडे आहे. मी माल्कम मॅक्लीन म्हटलं आणि स्टाफरूममध्ये चांगलीच जुंपली. म्हणून इथे मांडतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅक्लीन अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचा, जन्म १९१३. भावंडांना घेऊन १९३४ मध्ये ट्रकचा धंदा सुरू केला आणि तो खूप वाढवला. १९५५ मध्ये जहाज कंपनी विकत घेतली. ट्रक आणि जहाजं दोन्ही एका मालकाकडे ठेवायला तिथला कायदा आड येत होता, म्हणून उभा केलेला ट्रकचा धंदा सोडून दिला. २६ एप्रिल १९५६ ला न्यूअर्कहून ‘आयडियल एक्स’ हे त्याचं जहाज ५८ डबे, म्हणजे कंटेनर, घेऊन ह्यूस्टनला निघालं. महायुद्धातला जुना तेलवाहू टँकर होता तो, वर डबे ठेवायला सांगाडा बसवलेला. त्याच्या माणसांनी हिशेब मांडला. सुटा माल जहाजात भरायला टनामागे ५.८३ डॉलर लागायचे, डब्यांतून १५.८ सेंट लागले.

पण माझं मत पक्कं झालं ते १९६३ सालच्या गोष्टीमुळे. कंटेनरच्या आठही कोपऱ्यांना पोलादी ठोकळे असतात, त्यांना लांबट भोकं असतात. ट्विस्टलॉक नावाच्या कुलपाचं टोक त्या भोकात जातं, चौथाई फिरवलं की बसलं. क्रेन डबा उचलते ती याच कोपऱ्यांना धरून, आणि ट्रेलरवर डबा जखडतात तोही याच कोपऱ्यांनी. त्याची पेटंटं मॅक्लीनच्या कंपनीकडे होती आणि ती त्याने सगळ्यांसाठी खुली केली. आज न्हावाशेव्यात उतरलेला डबा कुठल्याही देशातल्या ट्रेलरवर बसतो, त्यामागे हा निर्णय आहे. मालकी हक्क असा सोडणाऱ्या माणसाचं नाव माझ्या मुलांना रोज दिसावं असं मला मनापासून वाटतं.

डेकवरून

ताई, पंचवीस वर्षं जहाजावर काढली, त्यातली बरीचशी कंटेनर जहाजांवर. रात्री पावसात लॅशिंग, म्हणजे डबे नीट जखडलेत का ते, तपासत फिरताना हाताखाली असायचे ते हेच कोपरे आणि हेच लॉक. पण ते मॅक्लीनने बनवलेले नाहीत. कीथ टँटलिंगर नावाच्या इंजिनिअरने बनवलेत. आणि तुम्ही ज्या १९६३ च्या निर्णयावर सगळा भार टाकताय, तो निर्णय घ्यायला मॅक्लीनला राजी कुणी केलं? टँटलिंगरनेच. तोवर टँटलिंगर ती कंपनी सोडून गेलाही होता.

‘पहिला’ म्हणत असाल तर तेही बसत नाही. कॅनडात व्हँकुव्हरहून अलास्काकडे डबे नेण्यासाठी ‘क्लिफर्ड जे. रॉजर्स’ हे जहाज १९५५ मध्येच बांधून तयार होतं. डबे त्याहून आधी ब्रिटिश रेल्वेवरही होते.

आपल्याकडे पूल बांधणाऱ्याचं नाव कोनशिलेवर नसतं, उद्घाटन करणाऱ्याचं असतं. शिक्षिका म्हणून निदान तुम्ही तरी तसं करू नये.

गेटपास

डेकवरून साहेब, टँटलिंगरचं नाव मी वर लिहायला हवं होतं. चूक माझी. ‘पहिला’ हा शब्द मात्र मी वापरलेला नाही, मुद्दामच. डबा आधी होता. डब्याभोवती जहाज, धक्का, क्रेन, ट्रेलर, भाडं हे सगळं एका हिशेबात बसवणं हे मॅक्लीनचं काम. जहाज कंपन्या तेव्हा ‘आम्ही जहाजं चालवतो’ असं समजत. त्याच्या मते आपला धंदा माल पोचवण्याचा होता.

आणि राजी कुणीही केलं असो, सोडायचं मालकाला होतं. त्याच्या कंपनीचे डबे ३५ फुटी होते. जागतिक प्रमाण ठरत होतं १०, २०, ३० आणि ४० फुटांचं. म्हणजे ज्या मापात त्याचा स्वतःचा डबा बसत नव्हता, त्या मापासाठी त्याने आपलं कुलूप देऊन टाकलं.

चुंबळ

मी सहसा लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझे वडील मस्जिद बंदरला माथाडी होते. साताऱ्याकडून सोळाव्या वर्षी आले. त्यांचा पोतं उचलायचा आकडा माझ्याकडे आहे. मूठ लाकडी, एका बाजूने अंगठ्याच्या दाबाने खोलगट झालेली. लोखंडी टोक वीतभरापेक्षा लहान. ते पोत्याच्या कानाजवळ कसं रोवायचं, की माल सांडणार नाही आणि पकड सुटणार नाही, हे शिकायला वर्ष जातं असं ते सांगत. टॉवेल पिळून चुंबळ करायची, ती मानेवर ठेवायची, वर क्विंटलचं पोतं. साठी गाठेपर्यंत त्यांना मान पूर्ण वळवता येत नव्हती. हाक मारली की ते अंगासकट वळायचे.

ताई, तुम्ही ५.८३ डॉलर आणि १५.८ सेंट असं लिहिलंत. मधला जो फरक आहे ना, ती कुणाची तरी मजुरी होती. मला यंत्राचा राग नाही, वडिलांनाही नव्हता, त्यांनी ते ओझं मुलाला दिलं नसतं. पण या धंद्यातला आद्य माणूस म्हणून फोटो लावायचा तर अण्णासाहेब पाटलांचा लावा. त्यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. तोवर हमालाला मालक नव्हता, हजेरी नव्हती, म्हातारपण नव्हतं. कायद्याने बोर्ड झालं. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, बोर्डात भरायची, त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी, औषधपाणी. माझं शिक्षण त्या लेव्हीवर झालं. महाराष्ट्रात मालवाहतुकीचं पान यापेक्षा मोठं कुणी लिहिलंय?

जुना टॅली क्लार्क

चुंबळताई, वडिलांना नमस्कार. एक दुरुस्ती करतो, राग मानू नका. कंटेनरने ज्यांचं काम गेलं ते मुख्यतः गोदीतले कामगार. बाजारातले माथाडी वेगळे. गोदीसाठी १९४८ चा केंद्राचा कायदा होता, डॉक लेबर बोर्ड होतं. मी मुंबई बंदरात टॅलीवर होतो. एका गँगमागे एक क्लार्क, हातात पॅड, पाच पोत्यांची एक रेघ अशी मोजणी. जहाज रिकामं व्हायला आठवडा, कधी त्याहून जास्त. डबा आल्यावर पोती मोजायचं कामच उरलं नाही. डब्याचा नंबर घ्या, सील बघा, झालं.

आमचे पी. डि’मेलो. त्यांनी गोदी कामगार बांधला. फ्रिअर रोडला त्यांचं नाव दिलं. त्या रस्त्यावरून रोज हजारो लोक जातात, आणि डि’मेलो कोण होते हे विचारलं तर हातावर मोजण्याइतके सांगतील. म्हणून नाव दिल्याने काय होतं, हा प्रश्न मला आधी पडतो.

गेटपास यांना मी तिसराच माणूस सुचवतो. हॅरी ब्रिजेस, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांचा पुढारी. डबा अडवून अडणार नाही हे त्याने ओळखलं. १९६० मध्ये करार केला. यंत्रं आणा, पण नोंदणी असलेल्या एकाही कामगाराला काढायचं नाही, लवकर निवृत्त होणाऱ्याला पैसे द्यायचे, त्यासाठी मालकांनी २९ दशलक्ष डॉलर घालायचे. त्याच्याच माणसांपैकी काहींनी त्याला शिव्या घातल्या. हंगामी कामगारांना त्यातून फारसं मिळालं नाही, हेही खरं. तरी बदलाचा वाटा कामगाराच्या पदरात टाकणारा माणूस म्हणून माझ्या लेखी तो मॅक्लीनच्या बरोबरीचा आहे.

चुंबळ

काका, बोर्ड वेगळं असेल. गोदीतून उतरलेलं तेच पोतं मस्जिद बंदरच्या गोदामात माझ्या वडिलांच्या मानेवर यायचं.

निफाडचा द्राक्षवाला

सगळे डब्याच्या बाहेरचंच बोलताय. जरा आत बघा. आमची द्राक्षं फेब्रुवारी-मार्चमध्ये पॅकहाउसमधून निघतात. आधी प्रीकूलिंग, मग रीफर म्हणजे थंड ठेवणारा कंटेनर, मग न्हावाशेवा, मग रॉटरडॅम. शून्याच्या जवळपास तापमान, तीन-चार आठवडे. वाटेत प्लग निघाला की वर्षाची मेहनत मऊ पडते. एकदा माझा एक डबा असा गेलाय. दार उघडल्यावर जो वास येतो तो विसरता येत नाही.

मॅक्लीनला मी मानतो. अटलांटिक ओलांडून त्याचं पहिलं कंटेनर जहाज १९६६ मध्ये रॉटरडॅमलाच गेलं होतं, आमची द्राक्षं आज उतरतात तीही तिथेच. पण माझं मत फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स. अमेरिकेतला कृष्णवर्णीय, लहानपणीच पोरका झालेला, शाळा अर्ध्यात सुटलेली, यंत्रं उघडून-जोडून शिकलेला. चालत्या ट्रकचे धक्के सोसेल असं थंडाईचं यंत्र त्याने १९४० च्या सुमाराला बनवलं. तोवर बर्फाच्या लाद्या टाकून माल न्यायचे. १९६१ मध्ये तो वारला. तिथल्या सरकारचं तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय पदक त्याला मिळालं १९९१ मध्ये, मेल्यावर तीस वर्षांनी. तुमच्या वर्गात खेड्यातून आलेली, मराठी माध्यमातली, इंग्रजीला बिचकणारी पोरं असतील. त्यांना ट्रक कंपनीच्या मालकापेक्षा हा जवळचा वाटेल.

ट्रेलरवाला

मॅक्लीन सांगायचा ती गोष्ट कुणी लिहिली नाही. १९३७ ला तो कापसाच्या गाठी घेऊन हबोकनच्या बंदरावर दिवसभर थांबला होता, एकेक गाठ उतरताना बघत. तेव्हा त्याच्या मनात आलं, ट्रकचं अख्खं धूडच जहाजावर का चढवू नये. आम्ही ड्रायव्हर लोक एकमेकांना ही गोष्ट सांगतो.

आता माझं ऐका. मी हे लिहितोय ते रस्त्याच्या कडेला, रांगेत. काल संध्याकाळपासून. मागे चाळीस फुटी डबा. स्टोव्हवर भात टाकलाय. संडासाला जायचं तर गाडी कुणाच्या भरवशावर टाकायची, सील तुटलं तर माझ्या गळ्यात. डब्याने जहाजाचं थांबणं संपवलं, आमचं थांबणं तसंच आहे. फोटो कुणाचाही लावा, मुलांना एवढं शिकवा की गेटबाहेरचे तासही हिशेबात धरायचे.

डेकवरून

ट्रेलरवाले दादा, त्या हबोकनच्या गोष्टीबद्दल अभ्यासकांना शंका आहे. त्याने ती खूप उशिरा, म्हातारपणी सांगितली. तुमचं दुखणं मात्र खरं आहे.

उरणकर

बंदरावर एवढी चर्चा, आणि बंदर कुणाच्या जमिनीवर आहे याचा एका शब्दाने उल्लेख नाही.

न्हावाशेवा २६ मे १९८९ ला सुरू झालं. त्याआधी तिथे भातखाचरं होती, मिठागरं होती, खाडीत मासळी होती. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखाली १९८४ च्या जानेवारीत लोक रस्त्यावर आले. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा शेतकऱ्याला परत द्यायचा, हे त्या रक्तातून मिळालं, आणि मिळूनही कित्येकांनी त्याच्यासाठी पुढे वर्षानुवर्षं खेटे घातले. माझी आजी क्रेनकडे बोट दाखवून सांगायची, त्या तिसऱ्या पायाखाली आपली खाचरं होती.

मॅक्लीनने पेटंट सोडलं ते त्याच्या मर्जीने. आमच्याकडून जमीन सुटली ती कुणाच्या मर्जीने? मला परदेशी माणसाचं वावडं नाही. पण पनवेलजवळच्या वर्गात, या बंदरावर पोट भरणाऱ्या संस्थेत, पहिला मान त्या पाचांचा.

गेटपास

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण घाईत लिहायचं नव्हतं.

उरणकर, मी अकरा वर्षं त्या बंदराच्या कागदांवर ‘आयएनएनएसए१’ हा कोड टंकला आणि त्यामागच्या गावांची नावं मला धड येत नव्हती. याची लाज वाटली. दर १६ जानेवारीला जासईच्या हुतात्मा स्मारकावर लोक जमतात, यंदापासून आमची मुलं येतील. हे मी प्राचार्यांशी बोललेय, त्यांनी हो म्हटलंय.

तरीही वर्गाला नाव मी मॅक्लीनचंच सुचवतेय. अण्णासाहेब पाटील, डि’मेलो, दि. बा. यांनी माणसांसाठी न्याय मिळवला. त्यांचं मोल मी कमी धरत नाही. त्यांना मान द्यायला मराठी समाज आहे, दर २५ सप्टेंबरला माथाडी मेळावा भरतो. हा वर्ग मुलांना एक विशिष्ट गोष्ट शिकवण्यासाठी आहे. आपल्या कामाचं माप दुसऱ्याच्या मापाशी जुळवून घ्यायचं, आणि जुळण्यासाठी आपलं काही सोडावं लागलं तर सोडायचं. सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनरच्या गोदामांत, मी रोज उलटं बघितलं. प्रत्येकाचा वेगळा फॉर्म, वेगळा शिक्का, आणि ट्रेलरवाले दादा त्यापायी रांगेत. दादा, तुमचे गेटबाहेरचे तास मी पहिल्याच प्रकरणात घालतेय.

पाटीवर मात्र ‘मॅक्लीन आणि टँटलिंगर’ अशी दोन्ही नावं असतील. डेकवरून साहेबांचं म्हणणं मी मान्य केलंय. जोन्सचा फोटो रीफरच्या प्रयोगशाळेत लागेल, ते माझ्या हातात आहे.

चुंबळताई, एक विनंती. तो आकडा घेऊन एकदा वर्गात याल का?

चुंबळ

ताई, तुमचं म्हणणं दोनदा वाचलं. पटलं नाही. सोडायला ज्याच्याकडे काही होतं त्याचं नाव पाटीवर आणि ज्याच्याकडे मानेशिवाय काही नव्हतं त्याचा मेळावा, ही वाटणी मला मान्य नाही.

वर्गात येणार नाही. मुलांनाच तुर्भ्याला घेऊन या. कांदा-बटाट्याच्या बाजारात, पहाटे, गाड्या खाली होताना. वडिलांच्या टोळीतले दोघं अजून आहेत, ते दाखवतील. आकडा मी तिथे आणते.

गेटपास

येते. माझा वर्ग बेचाळीसचा आहे, सगळे एकदम चालतील का?

चुंबळ

नको. दहा-दहा आणा. गाळ्यापुढे उभं राहायला जागा नसते, आणि कामात मध्ये आलेलं चालत नाही.