सेवासमाप्ती, बडतर्फी की कार्यमुक्ती?

प्रश्न : रत्नागिरीजवळच्या एका आंबा प्रक्रिया कारखान्याचा पत्रव्यवहार मी पाहतो. एक विभाग बंद होत असल्याने तेथील कायम कामगारास नोकरी संपल्याचे पत्र द्यायचे आहे. जुन्या नमुन्यात ‘बडतर्फ करण्यात येत आहे’ असे आहे; सहकारी सौम्य म्हणून ‘कार्यमुक्त’ सुचवतात. योग्य शब्द कोणता?

उत्तर : माझ्या मते येथे दोन्ही शब्द अयोग्य आहेत. ‘बडतर्फ’ हा फारसी ‘बरतरफ’वरून आलेला शब्द मुळात ‘बाजूला केलेला’ एवढेच सांगत असला, तरी आज त्यात शिक्षेचा अर्थ पक्का बसला आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांत ‘सेवेतून काढून टाकणे’ आणि ‘बडतर्फ करणे’ या दोन वेगळ्या शिक्षा आहेत. पहिलीने पुढील शासकीय नोकरीस अपात्रता येत नाही, दुसरीने सामान्यतः येते. खासगी कारखान्यास हे नियम लागू नसले, तरी शब्दाचा डाग तोच राहतो, आणि जिथे एकाच वाडीतली अनेक माणसे एकाच कारखान्यात कामाला जातात, तिथे ‘बडतर्फ’ म्हटले की अफरातफरीची शंका त्या माणसाच्या घरापर्यंत पोचते. निर्दोष माणसाला तो शब्द लावणे हा अन्याय आहे.

‘कार्यमुक्त’ने पत्र संदिग्ध होते. बदली झालेला तलाठी कार्यमुक्त होऊन दुसरीकडे रुजू होतो, राजीनामा मंजूर झालेलाही कार्यमुक्तच होतो. नोकरी कोणी आणि का संपवली, हे त्यातून कळत नाही.

आपल्या पत्रात कारण म्हणून ‘कामगार कपात’ आणि कृती म्हणून ‘सेवासमाप्ती’ असे दोन्ही शब्द असावेत. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ने वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराच्या कपातीसाठी कारणांसह एक महिन्याची लेखी सूचना किंवा तेवढ्या काळाचे वेतन, शिवाय प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन घालून दिले होते. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही हेच तत्त्व आहे. म्हणून ‘कपात’ हा शब्द टाळू नये, कारण कामगाराची भरपाई त्याच्याशी बांधलेली आहे. वाक्य असे करता येईल : ‘लोणचे विभाग बंद करण्यात येत असल्याने, कामगार कपातीच्या कारणास्तव, व्यवस्थापन आपली सेवा दिनांक … रोजी कामकाजाची वेळ संपल्यापासून समाप्त करीत आहे.’ ‘संपुष्टात येत आहे’ असे लिहू नये. सेवा आपोआप संपत नाही, निर्णय घेणाऱ्याने कर्ता म्हणून वाक्यात उभे राहावे.

पुढील प्रश्न : आंब्याच्या हंगामापुरते घेतलेल्या कामगारांनाही हेच पत्र द्यावे का?

उत्तर : नाही. नेमणूकपत्रातच मुदत लिहिलेली असेल, तर ‘नेमणुकीची मुदत दिनांक … रोजी पूर्ण होत आहे’ एवढे पुरे. मुदतीपूर्वी काम थांबवायचे असल्यास मात्र ‘मुदतपूर्व सेवासमाप्ती’ असे स्पष्ट म्हणून कारण द्यावे.