नाक दाबून उंची घालवता येते, पण वेगाचं काय?

‘उतरताना विमान हवं त्यापेक्षा उंच राहिलं तर नाक खाली करून पटकन उतरवता येत नाही का?’ हा प्रश्न रास्त आहे. नाक दाबलं की उंची जाते, पण वेग वाढतो. जेटचं अंग इतकं गुळगुळीत की इंजिनं आयडलवर, म्हणजे कमीत कमी जोरावर, असली तरी वेग सहज उतरत नाही. दोन्ही एकदम कमी करायचं तर स्पीडब्रेक (हवेला अडवणारे पंखावरचे पत्रे) उघडा, नाहीतर चाकं लवकर बाहेर काढा.

म्हणून वैमानिक तोंडी हिशेब आधीपासून करत असतात. उंचीच्या हजारांना तीनने गुणायचं: ३६,००० फुटांवरून साधारण १०८ नॉटिकल मैल आधी उतरायला लागायचं, शिवाय वेग कमी करायला थोडे जास्त. शेवटच्या टप्प्यात जमिनीवरच्या वेगाला पाचने गुणायचं: १४० नॉट्सला (ताशी १४० नॉटिकल मैल) मिनिटाला ७०० फूट खाली यायचं.

मला जास्त भीती वाटते ती उंची घालवण्याच्या नादात वेगावरची नजर सुटण्याची. ६ जुलै २०१३, सॅन फ्रान्सिस्को, एशियाना एअरलाइन्सचं उड्डाण २१४. उंच राहिलेलं बोइंग ७७७ खाली आणताना थ्रस्ट (इंजिनांचा जोर) आयडलवर गेला. ऑटोथ्रॉटल (इंजिनांचा जोर आपोआप कमीजास्त करणारी यंत्रणा) वेग सांभाळतंय असा समज होता, प्रत्यक्षात ते ‘होल्ड’मध्ये होतं, म्हणजे वेग सांभाळत नव्हतं. १३७ नॉट्स हवे असताना वेग १०३ पर्यंत घसरला. शेपूट धावपट्टीआधीच्या समुद्रभिंतीवर आदळली, तीन मुली गेल्या. त्याआधी ५०० फुटांवर वेगाचा आकडा बरोबर दिसत होता, पण विमान मिनिटाला सुमारे १२०० फुटांनी खाली येत होतं आणि इंजिनं आयडलवर होती. गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, तिथेच करायला हवं होतं.